बिळातल्या कानांविषयी

चि.,

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. विषय झकास निवडलास. पण पहिल्याच पानावर तू निकाल देऊन मोकळी झालीस: अंधारात राहून मोल रॅटचे, म्हणजे जमिनीखाली बिळांत राहणाऱ्या उंदरांसारख्या प्राण्यांचे, कान निकामी होत गेले, बस्स. मग शोधायचं काय?

आकडे तू बरोबर घेतले आहेस. हेफनर दांपत्याने १९९३ मध्ये नेकेड मोल रॅटची श्रवणक्षमता प्रसिद्ध केली. ६० डेसिबलचा आवाज ६५ हर्ट्झ ते १२.८ किलोहर्ट्झ या पट्ट्यातच त्याला ऐकू येतो. आंधळ्या मोल रॅटची, म्हणजे स्पॅलॅक्सची, वरची मर्यादा तर ५.९ किलोहर्ट्झवरच संपते. घरातला छोटा उंदीर ८० किलोहर्ट्झच्या पुढचंही ऐकतो. पण या तक्त्याची डावी, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजांची, बाजू तू पाहिलीच नाहीस! तेवढ्याच आवाजाला हा घरचा उंदीर २ किलोहर्ट्झच्या खाली जवळजवळ बहिरा असतो, आणि मोल रॅटचा खरा कारभार तिथेच चालतो.

म्हणून कानाच्या आधी बीळ समजून घे. अरुंद बोगद्यात उंच पट्टीचे आवाज लवकर विरतात. स्पॅलॅक्सच्या बिळांत ४४० हर्ट्झच्या आसपासचे आवाज सर्वांत चांगले पुढे जातात, असं १९८६ मध्येच मोजलं गेलं. झांबियातल्या मोल रॅटच्या बिळांत २०० ते ८०० हर्ट्झमधले काही आवाज पहिल्या मीटरभरात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. संशोधकांनी त्याला स्टेथोस्कोप परिणाम म्हटलं. बीळच आवाज मोठा करत असेल, तर कान फार तिखट असणं उलट त्रासाचं, हा त्यांचा तर्क मला पटतो. पण तो तर्क आहे, हे लिहिताना विसरू नकोस.

दिशेचंही तसंच. लहान डोक्याच्या प्राण्याला आवाज कुठून आला हे कळायला उंच पट्टी लागते. बिळात आवाज येणार पुढून किंवा मागून. तिथे तो खटाटोप कशाला?

आता दुसरी बाजू, कारण परीक्षक तीच उकरून काढतील. २०२० च्या एका अभ्यासात आफ्रिकी मोल रॅटच्या कर्णावर्तात, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीत, आवाज वाढवणारी यंत्रणा आढळली नाही. तिथल्या आवाज टिपणाऱ्या रोमपेशींवरच्या रोमांची मांडणी विस्कटलेली होती आणि संबंधित प्रथिनांत माणसांतल्या बहिरेपणाशी जोडलेले काही बदल होते. म्हणजे ऱ्हास झालाच नाही, असंही तुला म्हणता येणार नाही. मात्र त्याच अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका मोल रॅटमध्ये साध्या उंदरापेक्षा जास्त विकसित असतात. अंधारात वळणं लक्षात ठेवायला ते उपयोगी पडत असावं. स्पॅलॅक्स तर डोकं बोगद्याच्या छतावर आपटून संदेश पाठवतो आणि जबडा भिंतीला टेकवून दुसऱ्याचा संदेश हाडांतून ऐकतो. नुसता कानाचा आलेख काढून हे हाती लागणार नाही.

पुण्यात मोल रॅट कुठून आणणार, असं तू विचारलंस. आणूच नकोस. आपल्या उसाच्या आणि गव्हाच्या शेतांत लहान घूस आहे, बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. ती उत्तम बीळ खणते, पण रात्री बाहेरही येते, त्यामुळे पक्की भूमिगत नव्हे. हाच तिचा फायदा: अर्ध्या वाटेवरच्या प्राण्याच्या बिळात आवाज कसा वागतो ते पाहा. एका तोंडाशी छोटा स्पीकर, आत काठीला बांधलेला मायक्रोफोन, आणि १०० हर्ट्झपासून चढत जाणारे सूर. प्राण्याला हात लागत नाही, त्यामुळे परवानग्यांचा व्याप बराच कमी होतो. तरी आपल्या विभागाला लेखी विचार. कवट्या बघायच्या असतील तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे रीतसर अर्ज कर.

पुण्याजवळच्या मांजरी गावाकडे ओळखीचं शेत शोध. जुन्नरच्या उसात जाऊ नकोस, तिथे बिबट्यांची वस्ती आहे. मालकाला आधी विचार, आणि शेतात विषारी गोळ्या टाकल्या आहेत का हेही. घुशीच्या रिकाम्या बिळात नाग किंवा घोणस असू शकते, तेव्हा हात आत घालायचा नाही, काठीच घालायची. पहिलं रेकॉर्डिंग झालं की मूळ फाइल पाठव, आलेख नंतर.

सर