झिर्कोनियम-८८: एक मायक्रोग्रॅम पुरतो का?

म्हापशाच्या सदस्याचा प्रश्न: किरणोत्सारी आयसोटोप जेमतेम १ मायक्रोग्रॅम मिळत असेल तर त्याचं न्यूट्रॉन-शोषण मोजता येईल का, आणि कॉलेजातला सोडियम आयोडाइड डिटेक्टर चालेल का?

नुसत्या वजनावरून काही सांगता येत नाही. दर चौ. सेंमी अणू गुणिले क्रॉस सेक्शन (न्यूट्रॉन पकडण्यासाठी अणू दाखवतो ते क्षेत्रफळ, बार्नमध्ये; १ बार्न = १०^-२४ चौ. सेंमी), हा गुणाकार आधी करा. झिर्कोनियम-८८चा थर्मल (म्हणजे मंद न्यूट्रॉनसाठीचा) क्रॉस सेक्शन २०१९मध्ये सुमारे ८,६०,००० बार्न निघाला. अंदाज होता १०च्या आसपास! १ मायक्रोग्रॅम १ मिमी व्यासाच्या ठिपक्यात बसवला तर गुणाकार ०.७५ येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त थर्मल न्यूट्रॉन तिथेच अडकतात, ट्रान्समिशनने (पलीकडे किती न्यूट्रॉन पोचतात ते पाहून) मोजणं सोपं. १० बार्न असते तर लाखात एखादा अडकला असता. अशा वेळी अ‍ॅक्टिव्हेशनला (न्यूट्रॉन मारून तयार झालेला नवा आयसोटोप मोजण्याला) पर्याय नाही.

अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये तयार झालेल्या झिर्कोनियम-८९ची (अर्धायुष्य ७८.४ तास) ९०९ केइव्ही ऊर्जेची गॅमा रेषा मोजायची. पण ८८च्या क्षयातून यट्रियम-८८ येतं आणि त्याची रेषा ८९८वर. सोडियम आयोडाइडमध्ये तिथलं शिखर ५०-६० केइव्ही रुंद, दोन्ही एकाच ढिगाऱ्यात जातात. रेषा बारीक वेगळ्या करणारा जर्मेनियम डिटेक्टरच हवा.

८८ बनवताना यट्रियमवर प्रोटॉन मारतात, तेव्हा ८९सुद्धा सोबत येतं. महिनाभर थांबलात की ते पाचशेव्या भागाखाली उतरतं. तरी रिअ‍ॅक्टरला पाठवण्याआधी एक स्पेक्ट्रम घ्याच. तो नसेल तर नंतरच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

नमुना सुकवणं आपल्याकडे खरी डोकेदुखी. जुलैत ताळगावच्या पठारावर नमुन्याच्या नायट्रेट द्रावणाचा थेंब वाळल्यासारखा दिसतो आणि पुन्हा ओलावतो. इन्फ्रारेड दिव्याखाली सुकवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, लगेच क्वार्ट्झची अँपूल (छोटी नळी) वितळवून बंद करा. आत पाणी राहिलं तर प्रारणांनी त्याचा वायू होतो आणि अँपूल फुटू शकते. ट्रान्समिशनसाठी तर थेंब कडेला कडं करून वाळला की जाडीचा हिशोबच गेला.

न्यूट्रॉनचा प्रवाह मोजायला शेजारी ०.१% सोन्याची अ‍ॅल्युमिनियम तार ठेवा, एक उघडी, एक थर्मल न्यूट्रॉन अडवणाऱ्या कॅडमियममध्ये. शुद्ध सोन्याचा जाड पत्रा नको, ४.९ इव्हीचे न्यूट्रॉन वरचा थरच खाऊन टाकतो.

वेळही मोजून. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव रिअॅक्टरमधल्या कमाल प्रवाहात (१.८ × १०^१४ न्यूट्रॉन दर चौ. सेंमी दर सेकंद) हे ८८ सव्वा तासात निम्मं संपेल, तेव्हा साधं सरळ रेषेचं सूत्र चालणार नाही. १०^१३ला १० मिनिटांत अर्धा टक्का संपतो, तेवढं भरपूर.

आणि १ मायक्रोग्रॅम म्हणजे ६६ कोटी बेकरेल, सेकंदाला तेवढे क्षय. हे कॉलेजात हाताळायचं काम नाही. मोजताना ८८च्याच ३९३ केइव्ही गॅमांचा भडिमार डिटेक्टरला गुदमरवतो. मधे १ सेंमी शिसं ठेवलं तर त्यातले ७% येतात, ९०९चे मात्र ४१%. एफिशियन्सी कॅलिब्रेशनही ते शिसं तसंच ठेवून करा.