वाचकांचे प्रश्न: पहिलं लक्झरी घड्याळ, डायल कुठला आणि ब्रेसलेट कुठलं?

प्रश्न: नमस्कार. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत आलोय, आता पहिलं चांगलं घड्याळ घ्यायचंय. रोलेक्सचं डेटजस्ट ३६ जवळजवळ नक्की केलंय, मनगट साडेसोळा सेंटिमीटर आहे. पण निळा सनबर्स्ट डायल घ्यावा की सिल्व्हर, आणि ज्युबिली ब्रेसलेट की ऑयस्टर, यात पार अडकलोय. बायको म्हणते ज्युबिली म्हाताऱ्या माणसाचं वाटतं, मित्र म्हणतात ऑयस्टर घ्यायचं तर मग स्पोर्ट्स घड्याळच घे ना. ऑफिसला रोज घालणार, कधीतरी सूटवर, एरवी टीशर्टवर. काय करू?

उत्तर: तुम्ही दोन्ही गोष्टींना सारखंच वजन देताय, गुंता तिथेच झालाय. डायल नंतर बदलणं म्हणजे डोकेदुखी, ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्यावं लागतं, खर्च दणकून येतो आणि प्रत्येक डायल प्रत्येक मॉडेलला मिळेलच असंही नाही. ब्रेसलेटचं तसं नाही, वर्षभराने कंटाळा आला तर काढून लेदर लावा, कोणी अडवत नाही. म्हणून डायल ठरवताना वेळ काढा, ब्रेसलेटचं एवढं टेन्शन नको.

निळा सनबर्स्ट आधी घेऊ कारण फसगत जास्त तिथेच होते. या डायलवर मधून कडेकडे जाणाऱ्या अगदी बारीक रेषा असतात, मनगट हलवलं की त्यावरून उजेडाचा पट्टा फिरतो, आणि दुकानात वर ते छोटे छोटे स्पॉटलाइट असतात ना, त्यांच्याखाली कुठलाही सनबर्स्ट भारीच दिसतो. तोच डायल ढगाळ दिवशी किंवा मीटिंग रूमच्या मंद उजेडात जवळपास काळा दिसतो. काहींना हेच आवडतं, एका घड्याळात दोन रंग मिळतात म्हणून, पण तुम्ही फोटोतल्या त्या चमकत्या निळ्याच्या प्रेमात असाल तर रोज तो दिसणार नाही हे धरून चाला. सेल्समनला सांगा की मला खिडकीपाशी बघायचंय, मग सावलीत बघायचंय. थोडं वाईट तोंड करेल, करू दे.

सिल्व्हरची गोची वेगळी आहे. डायल चंदेरी, काटे चंदेरी, तासांच्या खुणा म्हणजे मार्करही चंदेरी, त्यामुळे एखाद्या कोनात काटे चक्क गायब होतात. एक साधी टेस्ट करा: घड्याळ घालून हात टेबलावर ठेवा, दुसरीकडे कुठेतरी बघा, मग फक्त एक नजर टाकून किती वाजले ते सांगा. काटे शोधावे लागले तर डायल कितीही सुंदर असू दे, रोजच्या वापराला नको. चष्मा असेल तर चष्म्याशिवायही करून बघा. निळ्यावर आणि काळ्यावर बहुतेक वेळा काटे उठून दिसतात. निळ्यावर एकच खटकू शकतं, तारखेच्या खिडकीमागची चकती पांढरी असते आणि वर ती अडीच पट मोठं दाखवणारी भिंगाची काच, म्हणजे तो पांढरा चौकोन सतत डोळ्यात येतो. मला त्याचं काही वाटत नाही, काहींचं तेवढ्यावरून घड्याळ परत जातं.

अजून एक, फिका डायल मनगटावर घड्याळ जरा मोठं दाखवतो, गडद लहान दाखवतो. साडेसोळा सेंटिमीटरला ३६ मिलिमीटर छान बसतं, पण निळ्यात ते तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक दिसेल, म्हणून ४१ मिलिमीटरच्या मॉडेलकडे उडी मारू नका. लग्जची, म्हणजे पट्टा जिथे जोडतात त्या शिंगांची टोकं मनगटाच्या बाहेर डोकवायला लागली की सगळी मजा गेली.

आता ब्रेसलेट. ज्युबिली आणि डेटजस्ट दोन्ही १९४५ साली एकत्रच आले, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचं वाटतं हे वहिनींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, बऱ्याच जणांनी ते आजोबांच्याच हातात पाहिलंय. जुन्या ज्युबिलीच्या लिंका, म्हणजे एकमेकांत अडकवलेले तुकडे, पोकळ असायच्या, वर्षानुवर्षं वापरून त्या सैल पडायच्या आणि ब्रेसलेट लोंबायचं, त्याची बदनामी बरीचशी त्यातून आलीय. आताच्या लिंका भरीव आहेत. एका ओळीत पाच बारीक तुकडे असल्याने ते मनगटावर कापडासारखं पडतं, आणि लहान मनगटावर हा फरक लगेच कळतो. ऑयस्टरमध्ये तीनच रुंद तुकडे, दिसायला साधं, पण हाडाच्या कडेला ते जरा ताठ बसू शकतं.

चरे दोन्हीवर पडणार, त्यातून सुटका नाही. ज्युबिलीचे मधले तुकडे पॉलिश केलेले असले तरी इतके लहान आहेत की त्यावरचा ओरखडा नजरेत भरत नाही. डेटजस्टच्या ऑयस्टरला मधली लिंक पॉलिश असते आणि ती रुंद, सपाट असल्याने आठवड्याभरात तिच्यावर केसासारख्या बारीक रेषा दिसायला लागतात. सगळ्यात वाईट हाल क्लास्पचे, म्हणजे ब्रेसलेट बंद करायच्या कडीचे, दिवसभर लॅपटॉपच्या कडेवर घासतं बिचारं. ज्युबिलीचा तोटा एकच, फटींमध्ये घाम आणि मळ बसतो, अधूनमधून मऊ टूथब्रश आणि साबणाचं पाणी लागतं. पाणी लावण्याआधी क्राउन, म्हणजे बाजूची चावी, नीट आवळलेला आहे ना एवढं मात्र बघा.

माप घ्यायला शक्यतो संध्याकाळी जा, उकाड्याने आणि दिवसभराच्या कामाने मनगट थोडं फुगलेलं असतं. सकाळी गार हातावर घट्ट बसवून घेतलं तर दुपारी वळ उठतील. ईझीलिंक नावाची सोय असते, क्लास्पच्या आत एक लिंक उलगडली की साधारण ५ मिलिमीटर जागा मिळते, ती दुकानातच स्वतःच्या हाताने उघडून बघा. लिंका दोन्ही बाजूंनी विचार करून काढायला सांगा, म्हणजे क्लास्प मनगटाच्या खाली बरोबर मधे येईल, नाहीतर घड्याळ एका बाजूला कलंडत राहतं. आणि काढलेल्या लिंका मागून घ्या, विसरू नका!

माझं मत विचाराल तर निळा डायल, प्लेन बेझल (डायलभोवतीची कडा), ज्युबिली. फ्लूटेड म्हणजे खाचांचं बेझल आणि ज्युबिली एकत्र आले की घड्याळ एकदम नटून बसतं, सूटवर झकास पण टीशर्टवर जरा जास्तच होतं, शिवाय स्टीलच्या डेटजस्टवर ते बेझल व्हाइट गोल्डचं असल्याने किंमतही वर जाते. प्लेन बेझलवर तीच ज्युबिली शांत दिसते. वहिनींना फोटो दाखवू नका, दुकानात घेऊन जा आणि दोन्ही घालून दाखवा.

प्रश्न: बजेट ताणलं जातंय म्हणून आवडलेलं घड्याळ आधी लेदर स्ट्रॅपवर घ्यावं आणि ब्रेसलेट नंतर घ्यावं असा विचार आहे. चालेल ना?

उत्तर: चालेल, पण महागात पडेल. ओरिजिनल ब्रेसलेट सुटं घ्यायला गेलं की लेदरवाल्या आणि ब्रेसलेटवाल्या घड्याळाच्या किमतीतल्या फरकापेक्षा सहसा बरंच जास्त मोजावं लागतं, काही कंपन्या तर सुटं द्यायलाच कुरकुर करतात. त्यापेक्षा दोन महिने थांबा आणि ब्रेसलेटवरच घ्या, लेदर कधीही मिळतं. स्ट्रॅप सारखा बदलायची हौस असेल तर कार्तिएचं सँतोस बघा, २०१८ पासून त्यात क्विकस्विच आहे, बटण दाबलं की पट्टा सुटतो, आणि ब्रेसलेटच्या लिंकाही टूलशिवाय काढता येतात. बाकी घड्याळांवर स्वतः प्रयोग करणार असाल तर लग्जच्या मागे आधी टेप चिकटवा, स्प्रिंग बार, म्हणजे पट्टा धरून ठेवणारी बारीक दांडी, काढायचं टूल एकदा सटकलं की तो ओरखडा कायमचा.

प्रश्न: सेकंड हँड घड्याळ घेतोय, डायल आवडत नाही. बाहेरून हव्या त्या रंगाचा डायल बसवून देणारे आहेत, बसवू का?

उत्तर: नको. बाहेरचा डायल दिसला की बऱ्याच कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स घड्याळाला हातच लावत नाहीत, आणि पुढे विकताना प्रत्येक जण आधी ओरिजिनल डायल कुठेय हेच विचारणार. हव्या त्या डायलचा पीस मिळेपर्यंत थांबा. तरीही बसवायचाच हट्ट असेल तर निदान जुना डायल आणि काटे डबीत नीट ठेवून घ्या, कारागिराकडे सोडून येऊ नका.