विश्वासणारा माणूस आणि मतपेटी

प्रश्न : "आपले नागरिकत्व स्वर्गात आहे," असे येशूचा प्रेषित पौल बायबलमध्ये लिहितो. मग निवडणुका, पक्ष, आंदोलने यांत विश्वासणाऱ्या ख्रिस्ती माणसाने पडावेच कशाला?

हे वाक्य पौलाने फिलिप्पैकरांना लिहिले. त्याच फिलिप्पै नगरात त्याने काय केले, ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात वाचा. चौकशी न करताच त्याला आणि त्याचा सोबती सीला याला भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी सुटकेचा निरोप धाडला. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, गुपचूप काढून लावता काय, स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या, असे त्याने बजावले. अधिकारी घाबरून आले आणि त्यांनी विनवणी केली.

हा मानापमानाचा हट्ट होता असे मला वाटत नाही. पौल पुढच्या गावी निघाला होता, पण नुकतीच उभी राहिलेली छोटी मंडळी, म्हणजे चर्च, तिथेच राहणार होती. उद्या तिच्यातल्या कुणावर हात उचलताना अधिकाऱ्यांनी दहादा विचार करावा, एवढी सोय तो करून गेला. स्वर्गाच्या नागरिकाने पृथ्वीवरचे नागरिकत्व इतरांसाठी वापरले. तुमच्या हातातले मतही असेच वापरायचे आहे.

प्रश्न : रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे म्हटले आहे. सरकारचा निषेध करणे हे पाप ठरते का?

नाही. पण या अध्यायाचा धाक दाखवून अनेक जुलमी सत्तांनी भाविकांची तोंडे बंद केली आहेत, म्हणून तो सावकाश वाचायला हवा. पौल अधिकाऱ्याला "देवाचा सेवक" म्हणतो, आणि तो तुमच्या हितासाठी नेमलेला आहे असेही सांगतो. सेवकाला धनी असतो, त्याच्या अधिकाराला सीमा असते. ती सीमा ओलांडली गेली तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने यहुदी न्यायसभेला तोंडावर सांगितले, की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

1934 च्या मे महिन्यात जर्मनीतल्या बार्मेन येथे काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी हिटलरच्या राज्यात हेच जाहीर केले. माणसाच्या सगळ्या जीवनावर राज्यसंस्था ताबा सांगू शकत नाही, असे त्यांनी लिहिले. मोठे धाडस होते ते. तरीही त्या जाहीरनाम्यात ज्यूंच्या छळाबद्दल एक शब्दही नाही. मंडळी आपल्या स्वातंत्र्यासाठी उभी राहिली, पण शेजाऱ्याचे नाव घ्यायचे राहून गेले. ही उणीव मला फार सलते, कारण आजही आपण बहुधा आपल्यावर अन्याय झाला तरच जागे होतो.

आणखी एक गोष्ट. पौलाच्या वाचकांना सम्राट निवडता येत नव्हता. लोकशाहीत सत्तेचा एक वाटा तुमच्याकडेच असतो. त्यामुळे हा अध्याय राज्यकर्त्यांकडून जे मागतो, ते काही अंशी तुमच्याकडूनही मागतो. अन्याय्य कायदा मोडावाच लागला, तर मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेली अट पाळावी : तो उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगण्याच्या तयारीने मोडावा.

प्रश्न : आमच्या पाळकांनी उपासनेत एका पक्षाला मत द्या असे सांगितले. हे योग्य आहे का?

माझ्या मते नाही. भूक, हिंसा, लाचखोरी, परक्यांचा द्वेष यांवर वेदीवरून बोलायलाच हवे, आणि ते कोणत्याही पक्षाला झोंबले तरी चालेल. पण एका पक्षाची बाजू घेतल्यावर, उद्या तोच पक्ष चुकला तर त्याला कोण बोलणार? दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड मंडळीने वर्णभेदाला शास्त्राचा आधार दिला. त्याच परंपरेतल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय विश्वासणाऱ्यांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले, आणि त्यातून 1982 मध्ये वर्णभेद नाकारणारा बेलहारचा विश्वास-कबुलीजबाब, म्हणजे श्रद्धेची जाहीर घोषणा, पुढे आला. कॅथलिक चर्चची 1983 ची कायदासंहिता तर शासनसत्तेत सहभाग असलेली सार्वजनिक पदे घ्यायला धर्मगुरूंना मनाई करते. पाळकांशी एकांतात, आदराने बोला.

प्रश्न : उमेदवार ख्रिस्ती आहे, एवढे मत द्यायला पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. यशयाच्या 45 व्या अध्यायात परमेश्वर कोरेश या परक्या, पारसी राजाला आपला अभिषिक्त, म्हणजे निवडलेला, म्हणतो आणि "तू मला ओळखत नव्हतास" असेही सांगतो. उमेदवाराने आजवर दुबळ्यांसाठी काय केले, ते पाहा.

प्रश्न : आपली नैतिक मूल्ये कायद्यात यावीत असा आग्रह धरावा का?

काही मूल्यांसाठी, जरूर. ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध वर्षानुवर्षे संसदेत झुंज दिली ती श्रद्धेच्या बळावरच, आणि 1807 मध्ये ब्रिटनने तो व्यापार बेकायदा ठरवला. तिथे दुसऱ्या माणसाच्या जिवाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न होता, म्हणून तो युक्तिवाद श्रद्धा नसलेल्यालाही पटू शकत होता. मात्र प्रत्येक पाप हा गुन्हा ठरवता येत नाही. प्रार्थना आणि उपासना तर सक्तीने कधीच होत नाहीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला. तो आपल्याशी सहमत नसलेल्यांचाही आहे. तुम्ही मागत असलेला कायदा दुसऱ्या धर्माच्या बहुमताने तुमच्यावर लादला असता तर चालला असता का, हे आधी स्वतःला विचारा.

प्रश्न : निवडणुकीपासून मंडळीत दोन तट पडले आहेत. सख्खा भाऊही बोलत नाही.

येशूच्या बारा शिष्यांत रोमी सत्तेच्या व्यवस्थेत कर गोळा करणारा मत्तय होता आणि जिलोत, म्हणजे कडवा राष्ट्राभिमानी, म्हणवला जाणारा शिमोनही होता. दोघांनाही त्याने बोलावले. भावाकडे जाल तेव्हा उमेदवारांचा विषय काढू नका. त्याला कशाची काळजी वाटते ते विचारा, आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.