वाचक विचारतात : बूथवरची जागा रिकामी पडली, आता?

प्रश्न : आमच्या यादी भागाचे (एका बूथच्या मतदार यादीचे) पक्षाचे बीएलए, म्हणजे बूथ पातळीवरचे प्रतिनिधी, नोकरीसाठी पुण्याला गेले. तालुकाध्यक्षांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर नवं नाव जाहीर केलं, अभिनंदनाचे फलकही लागले. पण बीएलओ (निवडणूक आयोगाचे बूथ पातळीवरचे अधिकारी) म्हणतात, "हे नाव माझ्याकडे आलेलंच नाही." अडलंय कुठे? – एक कार्यकर्ता, सांगोला

उत्तर : बीएलओंचं बरोबर आहे. फलकावर नेमणूक होते ती पक्षापुरती. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांतांच्या, दप्तरी जुनंच नाव आहे.

बीएलए नेमण्याचा अधिकार तालुकाध्यक्षाला आपोआप मिळत नाही. मान्यताप्राप्त पक्ष आधी 'बीएलए-१' नमुन्यात आपला अधिकृत प्रतिनिधी कोण ते कळवतो. तो प्रतिनिधी 'बीएलए-२' भरून प्रत्येक यादी भागासाठी एकेक नाव देतो. त्यामुळे पहिली चौकशी जिल्हा कार्यालयात करा : बीएलए-१ वर कुणाचं नाव आहे? तेच गृहस्थ पक्ष सोडून गेले असतील तर आधी बीएलए-१ बदलून घ्यावा लागेल. त्याशिवाय खालचे कागद पुढे सरकणार नाहीत. प्रतिनिधी ठीक असेल तर नव्या माणसाचा बीएलए-२ द्या, जुन्याची नेमणूक रद्द केल्याचं पत्र सोबत जोडा आणि पोचेवर शिक्का व तारीख घ्या. पोचेची झेरॉक्स बीएलओंच्या हाती दिली की निम्मी कटकट तिथेच मिटते.

माणूस निवडताना तो शक्यतो त्याच यादी भागाचा मतदार असावा. तसा कुणी मिळत नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातला दुसरा मतदार आता चालतो. सरकारी नोकर मात्र नको. गावातले गुरुजी कितीही उत्साही असले तरी त्यांना यात ओढू नका, त्यांचीच नोकरी अडचणीत येईल.

सर्वात जास्त घोळ भाग क्रमांकाचा होतो. एका केंद्रावर साधारण १,२०० च मतदार ठेवायचे म्हणून केंद्रं फोडली गेली, क्रमांक सरकले. जुन्या यादीवरून भरलेला बीएलए-२ मग भलत्याच वस्तीला लागू होतो आणि फोडून झालेला नवा भाग रिकामाच राहतो. ताजी यादी उघडा, पहिल्या पानावरचा भाग क्रमांक आणि त्याखालची वाड्या-वस्त्यांची नावं जुळवा, मगच नमुना भरा.

नेमणूक झाली म्हणजे मतदारांची नावं नोंदवण्या-वगळण्याचे अर्ज गठ्ठ्याने देता येतील असंही नाही. दावे-हरकतींच्या काळात बीएलएला एका दिवशी १० अर्जच देता येतात, तेही अर्जांची यादी आणि स्वतः पडताळणी केल्याची प्रतिज्ञा जोडून. पूर्ण काळात ३० च्या वर गेले तर अधिकारी स्वतः उलटतपासणी करतात. घरी न जाता सही ठोकणाऱ्यांनी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३१ वाचावं : खोट्या प्रतिज्ञेला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

प्रश्न : तालुकाध्यक्षांनी राजीनामा दिला. कार्याध्यक्ष सगळीकडे सह्या करतात. नगरपरिषदेच्या निवडणुकीला त्यांच्या सहीचा एबी फॉर्म (पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते कळवणारे दोन नमुने) चालेल का? – वाचक, जुन्नर

उत्तर : पद कसं भरायचं हे पक्षाची घटना ठरवते, आयोग त्यात पडत नाही. एबी फॉर्मचं गणित वेगळं. ए फॉर्ममध्ये ज्याचं नाव आणि नमुना सही कळवली आहे, बी फॉर्मवर त्याचीच सही लागते, मग तो तालुकाध्यक्ष असो वा नसो. सही शाईची, मूळ. रबरी शिक्का, स्कॅन, झेरॉक्स नाही. आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. दोन गटांनी दोन बी फॉर्म आणले की छाननीला रंगणारा तमाशा आपण दरवेळी पाहतोच. म्हणून राजीनामा मंजूर होताच, आचारसंहितेची वाट न पाहता, सहीचा अधिकार कुणाकडे हे प्रदेश कार्यालयाकडून लेखी घ्या. ग्रामपंचायतीला हा प्रश्नच नाही, ती निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही.

प्रश्न : विधानसभेच्या मतदानाच्या सकाळी पोलिंग एजंट (केंद्रात बसणारा उमेदवाराचा माणूस) आलाच नाही तर? – वाचक, परभणी

उत्तर : एका केंद्रावर एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, आत एका वेळी एकच. तिन्ही नावं आधीच द्या. नवा माणूस नेमायचा तर नमुना १० लागतो, त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही. ती केंद्राध्यक्षाकडच्या नमुना सहीशी ताडून पाहतात, म्हणून 'उमेदवाराऐवजी मीच सही ठोकतो' असं म्हणणाऱ्याला आवरा. जुन्याची नेमणूक रद्द करायला नमुना ११. सही केलेले काही कोरे नमुने विभागप्रमुखाकडे ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. ते कुणाच्या हाती पडतील याचा विचार करूनच ठेवा.

मतदान ७ ला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान (यंत्र तपासण्यासाठीचं चाचणी मतदान) साडेपाचला असतं. एजंट नसले तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं थांबतात आणि काम सुरू करतात. बदली एजंटाला सात वाजता नव्हे, सव्वापाचला ओळखपत्रासह दारात उभं करा. संध्याकाळी नमुना १७-सी ची (केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाची) प्रत घेतल्याशिवाय त्याने केंद्र सोडायचं नाही.