सकाळची खडखड: गिअरबॉक्सची की सिलिंडरची?

प्रश्न: मी नुकतीच आठ वर्षे वापरलेली एक पेट्रोल हायब्रिड कार घेतली आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर पहिल्यांदा इंजिन पेटते, तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, सारी गाडी थरथरते आणि दहा-पंधरा सेकंदांत सर्व शांत होते. त्यानंतर दिवसभर काहीही जाणवत नाही. इंजिनाचा इशारा देणारा दिवा एकदा लागला आणि काही दिवसांनी आपोआप विझला. एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने ‘हायब्रिडमध्ये असा आवाज येतोच’ म्हणून परत पाठवले. कोणाचे खरे मानावे?

उत्तर: दोघांचेही लगेच मानू नये. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, याची आपण केलेली नोंद निदानाला अधिक उपयोगी पडणारी आहे. गाडी बराच वेळ उभी राहिल्यानंतर, फक्त थंड इंजिन पेटताना आणि तेही थरथरीसह आवाज येत असेल, तर पहिला संशय इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, सिलिंडरमध्ये झिरपत असल्याचा घ्यावा लागतो.

आवाज गिअरबॉक्सच्या बाजूने येतो, हे पहिल्या मेकॅनिकचे निरीक्षण मात्र चुकीचे नसावे. १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसमुळे परिचित झालेल्या रचनेत इंजिनाला वेगळा स्टार्टर नसतो. गिअरबॉक्समधलीच एक विद्युत मोटर इंजिनाला क्षणार्धात मिनिटाला सुमारे एक हजार फेऱ्यांपर्यंत फिरवते आणि मग इंधन पेटते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीचा क्लचही नसतो, असतो तो फक्त हिसके शोषून घेणारा, स्प्रिंग बसवलेला एक डँपर. चारपैकी एक सिलिंडर मिसिंग करू लागला, म्हणजे त्यातले इंधन नीट पेटेनासे झाले, की इंजिनाचा जोर हिसक्या-हिसक्याने येतो, डँपरच्या स्प्रिंगा शेवटपर्यंत दबून आपटतात आणि तीच खडखड आपल्याला ऐकू येते. म्हणजे वाजतो तो डँपर, पण त्याला वाजवणारा दोष सिलिंडरमध्ये असतो. अशा वेळी गिअरबॉक्स बदलला, तर एवढा खर्च करूनही सकाळचा आवाज कायमच राहील.

गरम इंजिन बंद केल्यानंतरही कूलंट काही काळ दाबाखाली असतो. हेड गॅस्केटला (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलला) सूक्ष्म फट पडली असेल तर त्या दाबाने कूलंट हळूहळू सिलिंडरमध्ये उतरतो आणि सकाळी ओला झालेला स्पार्क प्लग नीट ठिणगी देत नाही. काही सेकंदांत ओल जळून गेली की इंजिन सुरळीत चालते, आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणूनच गाडी आदल्या संध्याकाळी तेथे ठेवून सकाळचा पहिला स्टार्ट मेकॅनिकच्या समोर करणे उत्तम.

तत्पूर्वी घरी एक तपासणी करता येईल. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीच्या रेषेशी खूण करावी आणि रोज सकाळी त्याच जागी उभ्या असलेल्या गाडीत ती पाहावी. अनेक हायब्रिड गाड्यांत कूलंटच्या दोन टाक्या असतात, एक इंजिनाची आणि दुसरी इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या उपकरणाची. आपल्याला इंजिनाची पाहायची आहे. (इन्व्हर्टरच्या टाकीकडे पाहून ‘पातळी ठीक आहे’ असा निर्वाळा दिल्याची उदाहरणे कमी नाहीत.) गाडीखाली थेंबही न दिसता पातळी उतरत असेल, तर संशय बळावतो. गरम इंजिनावर झाकण उघडू नये. इंजिन ऑइलची पातळीही त्याच वेळी पाहून घ्यावी, कारण जुन्या गाडीत ते कमी पडल्यानेही खडखड होऊ शकते.

गॅरेजमध्ये आधी स्कॅनरने साठलेले कोड वाचून घ्यावेत. दिवा विझला तरी नोंद बऱ्याचदा शिल्लक असते. पी०३०० हा सर्वसाधारण मिसिंगचा कोड असून पी०३०१ ते पी०३०४ हे कोड सिलिंडरचा क्रमांक दाखवतात. त्यानंतर कूलंट यंत्रणेत हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच दाब भरून गाडी रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी स्पार्क प्लग काढून बारीक कॅमेरा आत सोडावा. तीन पिस्टनांचे माथे कार्बनने काळे आणि एकाचाच ओला किंवा धुतल्यासारखा चकचकीत दिसला, तर दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज उरत नाही. सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो का हे ओळखण्यासाठी टाकीच्या तोंडाशी निळे द्रव धरून ते पिवळे पडते का हे पाहण्याची चाचणीही प्रचलित आहे. पण गळती अगदी थोडी असेल तर ती फसवते, त्यामुळे केवळ तिच्या आधारे गाडीला निर्दोष ठरवू नये. काम करताना गाडी ‘रेडी’ (चालू, निघण्यास तयार) स्थितीत नसावी, कारण तशा स्थितीत इंजिन आपोआप सुरू होऊ शकते; नारिंगी रंगाच्या उच्च विद्युतदाबाच्या तारांना प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही हात लावू नये.

इंजिन थंड असो वा गरम, प्रत्येक वेळी सुरू किंवा बंद होताना खडखड होत असेल, तर डँपर किंवा इंजिनाचे माउंटिंग तपासावे. चढावर जोर लावताना टिकटिक होत असेल तर ती नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमधले इंधन अवेळी पेटण्याची, असू शकते. इंजिन बंद असतानाही वेगाबरोबर वाढणारी घुरघुर बहुधा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते.

कूलंटचा संशय खरा ठरला, तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नये. सिलिंडरमध्ये जास्त कूलंट साचला आणि मोटरने इंजिन फिरवले, तर द्रव दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि मग गॅस्केटचे काम थेट इंजिन बदलण्यावर जाते. गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का हे मोजून घ्यावे आणि जळलेला वायू परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर यंत्रणेचा कूलर व मार्ग कार्बन काढून साफ करून घ्यावेत. गळती बुजवणारी तयार द्रव्ये टाकण्याचा मोह टाळावा. ती हीटरच्या अरुंद नळ्याही बुजवतात.

प्रश्न: माझ्या हायब्रिड कारमधून ती बंद केल्यावर काही तासांनी मागच्या बाजूने गुणगुण ऐकू येते. शिवाय चालकाचे दार उघडताच पुढून घर्रर्र असा आवाज येतो. हा बिघाड आहे का?

उत्तर: बहुधा नाही. काही गाड्यांत इंधनाच्या टाकीतून वाफ गळते का हे तपासणारा छोटा पंप गाडी बंद झाल्यानंतर काही तासांनी स्वतःहून चालतो आणि थोड्या वेळाने थांबतो. दार उघडताच येणारा आवाज ब्रेकसाठी दाब तयार करणाऱ्या पंपाचा असतो. तो काही सेकंद चालून थांबला तर चिंता नको. परंतु गाडी उभी असून ब्रेकला पाय लावलेला नसतानाही तो पंप पुनःपुन्हा सुरू होत असेल, तर यंत्रणेत दाब टिकत नाही असे समजावे आणि ब्रेकची तपासणी लांबणीवर टाकू नये.