मवाळ झालो तर पोरं डोक्यावर बसतील?

पहिल्याच भेटीत त्यांनी हे तीनदा विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर (संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर) ऑपरेटर म्हणून बरीच वर्षं काढलेली, नुकतेच लाइन इनचार्ज झालेले. हात कसबी, आवाज मोठा. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढत होतं आणि वरून रोज विचारणा होत होती. बढती मिळून सातपूर-अंबडहून माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या कितीतरी जणांची भीती हीच असते.

मी विचारलं, "आपली चूक सांगायला स्वतःहून तुमच्याकडे शेवटचं कोण आलं होतं?"

ते बराच वेळ नखात अडकलेलं काळं ग्रीस अंगठ्यानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "कोणीच येत नाही मॅडम. क्यूसीत, तपासणीत माल अडकतो तेव्हा मला कळतं."

मी त्यांना हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९६ सालचा अभ्यास सांगितला. रुग्णालयात औषधं देताना होणाऱ्या चुका त्या तपासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अटकळ, सापडल्या जास्त. कारण तिथं लोक चूक बोलून दाखवत होते, बाकी ठिकाणी ती दबून जात होती.

"म्हणजे माझी पोरं दडवतात," ते हळूच म्हणाले.

मवाळ व्हा असं मी सांगितलं नाही, कधीच सांगत नाही. माप चुकलं ते चुकलंच. दोनच गोष्टी मागितल्या. आवाज चढायच्या आधी आपल्याला नक्की काय होतंय ते मनात म्हणायचं, आणि "कोणी केलं?" ऐवजी "काय झालं?" विचारायचं. पहिलीच त्यांना जड गेली. आठवड्यानं आले तेव्हा म्हणाले, "राग नसतो हो तो. साहेबांसमोर उभं राहायची धास्ती असते." हे त्यांचं त्यांना उमगलं, याचा मला फार आनंद झाला.

चौथ्या भेटीत त्यांनी नाइट शिफ्टचं सांगितलं. रात्री दोनला एका नव्या पोराचा फोन: "दादा, ऑफसेट चुकीचा टाकला. बोअर मोठा झालाय, बारा पीस गेले." (ऑफसेट म्हणजे हत्यार किती सरकवायचं ते मशीनला सांगणारा आकडा, बोअर म्हणजे भोक.)

"कान तापले माझे," ते म्हणाले. "पण विचारलं, मशीन थांबवलंस ना? हो म्हणाला. मागच्या वेळी अख्खी शिफ्ट गेली होती, मॅडम."