‘आधी’चा फोटो कुणाचा?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे. दहावीनंतर आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स करून ती कराडमधल्या एका पार्लरमध्ये मदतनीस आहे. नवरीच्या मेकअपचे रील ती स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकते. गेल्या महिन्यात तिने एका नवरीचा मेकअपच्या आधीचा व्हिडिओ टाकला, त्यात चेहऱ्यावरची मुरुमं स्पष्ट दिसत होती. तो नवरीच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. नवरीची आई आमच्या घरी येऊन रडली. पार्लरच्या मॅडमनी मुलीला कामावर मोबाइल आणायला बंदी केली. एका रीलला दोन लाख व्ह्यूज आले होते, पण त्यातून एकही बुकिंग आलं नाही. हे सगळं बंद करायला लावू का? यात तिचं पुढे काही होईल का? तिचे तीन व्हिडिओ सोबत पाठवतेय.
– एक आई, कराड

ताई, नमस्कार.

बंद करायला लावू नका. पण त्या नवरीच्या माहेरी अजून गेला नसाल, तर आधी तिथे जाऊन या. लेकीला सोबत न्या आणि बोलू द्या तिलाच. व्हिडिओ काढून टाकला, हे तिने त्या माउलीच्या डोळ्यांत बघून सांगितलं पाहिजे. मेसेजवर मागितलेली माफी इथे पुरणार नाही.

तिने टाकला तो व्हिडिओ तिच्या कामाचा होता, हे खरं. पण मेकअप होण्याआधीचा चेहरा तिच्या कामाचा नव्हताच. तो त्या मुलीचा होता. आपल्याकडे लग्न ठरताना मुलीच्या रंगाची, कातडीची किती चिकित्सा होते, हे तुम्हाला मी काय सांगू? ज्या घरात ती नुकतीच उंबरठ्यावरचं माप ओलांडून गेली, तिथल्या चुलत सासवांनी तिची मुरुमं मोठी करून पाहिली. तिचं काय झालं असेल, याचा विचार करून मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

म्हणून विचारायचं, आणि तेही बुकिंगच्या दिवशी. लग्नाच्या सकाळी मुंडावळ्या बांधायची घाई, बाहेर भटजी हाका मारतायत, अशा वेळी ‘व्हिडिओ काढू ना गं?’ म्हटलं तर कुठलीही मुलगी मान हलवते. ती परवानगी नव्हे. अ‍ॅडव्हान्स घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या : चेहरा दाखवला तर चालेल का, मेकअपच्या आधीचा चेहरा दाखवला तर चालेल का, आणि नुसते हात, केस, साडी दाखवली तर चालेल का. उत्तर लेखी हवं. नंतर मन बदललं, तर एका निरोपावर व्हिडिओ उतरवायचा. ‘व्हिडिओ काढू दिला तर हजार रुपये कमी’ असं काही पार्लर करतात, ते मला पटत नाही. ज्या घरात हजार रुपये मोठे आहेत, तिथली मुलगी नाही म्हणूच शकत नाही. आणि वॅक्सिंगच्या खोलीत मोबाइल न्यायचाच नाही, स्वतःचा व्हिडिओ काढायलाही नाही.

मॅडमचा राग मला समजतो. गिऱ्हाईक त्यांचं, खुर्ची त्यांची, नाव खराब झालं तेही त्यांचं. लेकीने शांतपणे बसून त्यांच्याशी ठरवून घ्यावं की कुठलं काम तिच्या अकाउंटवर जाईल, त्यात पार्लरचं नाव कसं येईल आणि नोकरी सोडल्यावर त्या व्हिडिओंचं काय होईल.

आता तुम्ही पाठवलेल्या तीन व्हिडिओंबद्दल. पहिल्यात तिने चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर लावलाय. त्यामुळे जबड्याखाली फाउंडेशन गळ्याशी नीट मिसळलंय की नाही, हे मला दिसलं नाही आणि तिलाही दिसलं नसणार. फिल्टर काढून खिडकीच्या उजेडात काढलेला व्हिडिओ तिला तिच्या चुका दाखवेल. दुसऱ्यात ती लिपस्टिक थेट कांडीने नवरीच्या ओठांवर लावते. तीच कांडी उद्या दुसरीच्या ओठांवर जाणार! स्पॅच्युलाने, म्हणजे छोट्या चपट्या पट्टीने, थोडी खरवडून पॅलेटवर घ्यायची आणि ब्रशने लावायची, हे ती आयटीआयमध्ये शिकली असेलच. मोबाइल हातात धरून मग तोच हात चेहऱ्याला लावणंही थांबवायला हवं. साधा ट्रायपॉड घ्या.

तिसरा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. नवरी पाठमोरी उभी आहे आणि तुमची लेक तिला नऊवारी नेसवतेय. काष्ट्याच्या निऱ्या एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती एकेक दाबत जाते, मागे खोचते आणि गुडघ्यावर बसून काठ सरळ करते. चेहरा कुणाचाच नाही, मागे गाणंही नाही, फक्त तिचा आवाज : ‘इथं ओढू नका, बसताना फाटते.’ ताई, हे काम आहे. असे व्हिडिओ तिने करावेत. खोपा घालणं, गजरा माळणं, नथ बसवणं, सगळं स्वतःच्या कराडच्या बोलीत सांगत. वर गावाचं नाव लिहावं. पाटण्यात किंवा इंदूरमध्ये रील पाहणारी बाई कराडच्या कार्यालयात मेकअपला बोलावणार नाही. दोन लाख व्ह्यूजचं बुकिंग झालं नाही ते त्यामुळेच. मलकापूर-उंब्रजच्या दोनशे बायकांनी पाहिलं तर मात्र फोन येईल.

व्ह्यूज वाढले की क्रीमवाले फुकट माल पाठवतात. फुकट वस्तू घेऊन केलेलं कौतुक ही जाहिरातच असते आणि तसं स्पष्ट सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक विभागाने जानेवारी 2023 मध्ये तशा सूचना काढल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी भीती मला आठ दिवसांत गोरं करणाऱ्या, लेबल नसलेल्या डब्यांची वाटते. पारा असलेल्या अशा क्रीमनी मूत्रपिंडं बिघडल्याच्या घटना आपल्या महाराष्ट्रातच घडल्यात. असा डबा तिच्या व्हिडिओत कधीही दिसता कामा नये.

पुढे काय, असं विचारलंत. मुंबईच्या सिनेसृष्टीत बाईने केस करायचे आणि मेकअप पुरुषाने, असा तिथल्या संघटनेचा नियम कित्येक वर्षं होता. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या याचिकेवर 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. म्हणजे तो दरवाजाही आज उघडा आहे. मात्र त्याआधी लग्नाचे अजून दोन हंगाम तिने मॅडमच्या हाताखालीच काढावेत, असं मला वाटतं. सावळ्या रंगावर, घामट उन्हाळ्यात, साठीच्या विहीणबाईंच्या सुरकुत्यांवर हात बसायला तेवढा वेळ लागतो.

आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत पार्लरला सवड असते. तेव्हा तिने बहिणी-मैत्रिणींवर सराव करावा आणि त्याचेच व्हिडिओ काढावेत. पहिल्या रविवारी तुम्हीच तिच्यासमोर बसा. ‘आधी’चा व्हिडिओ तिला तुमचा काढू द्या, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसकट. टाकण्याआधी ती तुम्हाला विचारते का, ते मला कळवा.